नाक खाली, नजर समोर

टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं तर काय कराल, असं लायसन्स असलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. नाक खाली घेईन आणि सरळ समोर उतरेन, हेच उत्तर येईल. तोंडी परीक्षेत या प्रश्नाला अडखळणारं पोर अजून तरी माझ्यासमोर बसलेलं नाही. आणि तरीही हेच उत्तर घोकलेली माणसं, त्यात हजारो तास उडालेली माणसंही आली, चार-पाचशे फुटांवरून मागच्या धावपट्टीकडे वळायला जातात आणि वळणातच विमानाला स्टॉलमध्ये घालून कोसळतात. परीक्षेत प्रश्न विचारला जातो तेव्हा खाली खुर्ची असते. खरा प्रसंग येतो तेव्हा समोर उसाचे फड, विजेच्या तारा आणि वस्ती असते, आणि मागे नुकतीच सोडलेली लांबलचक डांबरी पट्टी असते. मन तिकडेच ओढ घेतं. म्हणून हा निर्णय हवेत घेण्यासारखा नाहीच. तो धावपट्टीवर चढायच्या आधी, ब्रेक दाबलेले असताना घ्यायचा असतो. वर गेल्यावर फक्त तो अमलात आणायचा.

बारामती, धुळे, नागपूर, गोंदिया इथे शिकणारी मुलं आणि अमेरिका-कॅनडात नोकरी करता करता शनिवार-रविवारी क्लबचं सेस्ना भाड्याने उडवणारी आपली मंडळी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. विमान एका इंजिनाचं, दोन किंवा चार जणांचं. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या दुर्घटनेनंतर मोठ्या विमानांविषयी खूप बोललं गेलं, पण तो विषय निराळा आहे आणि इथे त्यात शिरत नाही.

पहिले चार सेकंद काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सेस्ना १७२एस घेऊ. टेकऑफनंतर ते ७४ नॉटला उत्तम चढतं. नाक क्षितिजाच्या बरंच वर असतं, समोर काउलिंग आणि आकाश एवढंच दिसतं. या स्थितीत इंजिन गेलं की विमानाला वर ओढणारं काहीच उरत नाही, पण नाक मात्र तसंच वर असतं. वेग भराभर उतरतो. आणि पायलट? तो बघत बसतो. यात भित्रेपणा नाही. नुकतंच ठणठणीत चालणारं यंत्र गप्प झालंय यावर मनाचा विश्वास बसायलाच वेळ लागतो. अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेच्या उड्डाण-पुस्तिकेत या हबकलेल्या अवस्थेसाठी चार सेकंद धरले आहेत.

तेव्हा पहिली हालचाल एकच: योक पुढे. नुसता सैल सोडून चालत नाही, ढकलावा लागतो, क्षितिज काउलिंगच्या वर येईपर्यंत. सीटवरून अंग किंचित हलकं होतं, जमीन विंडस्क्रीनमध्ये भसकन मोठी होते आणि हात आपोआप योक मागे घ्यायला लागतो. त्या हाताचं ऐकू नका. १७२एसच्या पुस्तकात या प्रसंगासाठी फ्लॅप वर असताना ७० नॉट आणि फ्लॅप खाली असताना ६५ नॉट दिले आहेत; सेस्ना १५२ साठी ६०. तुमच्या विमानाचा आकडा पुस्तकात बघून घ्या आणि तो तोंडावर आणा. चेकलिस्टमध्ये शोधायला तुम्हाला वेळ मिळणार नाही.

किती वेळ मिळतो, तेही मोजून बघू. १७२ इंजिनाविना सुमारे नऊ फूट पुढे जाताना एक फूट खाली येतं. चारशे फुटांवरून, वारा नसेल तर, साधारण ११०० मीटर. ७० नॉटला हे अंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात संपतं आणि त्यातले चार सेकंद थक्क होण्यात गेलेले असतात. हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात, म्हणून मी त्यांना दुसरा हिशेबही करायला लावतो. नाकाच्या डावीकडे ३० अंश आणि उजवीकडे ३० अंश एवढाच पंखा धरला, तरी ११०० मीटरच्या आत दीडशे एकरांहून जास्त जमीन येते. विमानाला थांबायला त्यातलं एखादं लांबट शेत पुरतं. अट एवढीच, की ते शेत शोधायला मान पूर्ण मागे वळवायची नाही.

शेत निवडणं ही मात्र इथली विद्या आहे. परदेशी पुस्तकांत ती अर्धीच सापडते. तिथल्या चित्रांत मैलभर सपाट कुरण असतं. आपल्याकडे शेतं लहान, मधे बांध, बांधावर बाभळी नाहीतर दगड. वरून सगळं हिरवं छान दिसतं. पण त्या हिरव्यात द्राक्षबाग असेल तर तिच्यात लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचा मांडव असतो. तिथे उतरणं म्हणजे कुंपणात शिरणं. शेडनेट आणि पॉलिहाऊसचंही तेच. शेततळं वरून पाण्याचा चौकोन दिसतो, त्याचे भराव दहा-बारा फूट उंच असतात. विहिरींना कठडा असेलच असं नाही. तारा तर दिसतच नाहीत. खांब शोधायचे, डीपी शोधायचा आणि दोन खांबांच्या मधे तार आहेच असं धरून चालायचं. खांबांची ओळ आडवी येत असेल आणि उंची पुरेशी नसेल तर तिच्या अलीकडेच उतरायचं.

चांगलं काय? काढणी झालेला हरभरा, सोयाबीन किंवा गव्हाचं रान, मोकळं माळरान, उभं पण गुडघ्याइतकंच पीक. नांगरलेलं रान असेल तर तासांच्या दिशेने उतरा, भले वारा थोडा बाजूने येऊ दे. तासांना आडवे गेलात तर पुढचं चाक ढेकळांत रुतून विमान पालथं होण्याची शक्यता फार. पावसाळ्यात काळ्या रानात तर हे ठरलेलंच. तिथे चाकं टेकल्यावर योक पोटाशी धरून नाकाचं चाक जमेल तितका वेळ वर ठेवायचं. उसाबद्दल दोन मतं आहेत. माझं मत असं: दगडी बांध किंवा झाडं आणि ऊस यांत निवडायचं असेल तर ऊस घ्या. उसाचा शेंडा म्हणजेच जमीन असं मानून त्या उंचीला वेग संपवायचा आणि विमान फडात बसू द्यायचं. पालथं होईल कदाचित. पण ऊस धक्का बराच खातो. बाहेर पडायला आणि लोकांना तुमच्यापर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागतो, हेही लक्षात असू द्या.

रस्ता बघून मोह होतो. हायवेवर मधे डिव्हायडर, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, वर आडव्या तारा आणि खाली दुचाकीवर तिघं. रस्ता अगदीच मोकळा दिसत असेल आणि शेजारी शेत नसेल तरच.

आता मागे वळण्याबद्दल. एफएएच्या त्याच पुस्तिकेत एक उदाहरण आहे, ते मी फळ्यावर लिहून ठेवतो. इंजिन ३०० फुटांवर गेलं. चार सेकंद हबकण्यात गेले. पायलटने शिस्तीत, सेकंदाला तीन अंश असं वळण सुरू केलं. ६५ नॉटला या वळणाची त्रिज्या २१०० फूट होते, म्हणजे १८० अंश पूर्ण झाले तेव्हा विमान धावपट्टीपासून ४२०० फूट बाजूला आहे. तिकडे तोंड करायला आणखी ४५ अंश. एकूण ७९ सेकंद. मिनिटाला हजार फूट या दराने तेवढ्या वेळात विमान १३१६ फूट उतरतं. होते ३००. म्हणजे हिशेबाने पायलट जमिनीखाली हजार फुटांवर आहे.

यावर हुशार विद्यार्थी लगेच म्हणतो, सर, मग जोरात वळू. बरोबर आहे. ४५ अंश बँक दिला तर ७० नॉटला वळणाचा व्यास २६५ मीटरवर येतो आणि १८० अंश बारा सेकंदांत होतात. अमेरिकी नौदल अकादमीतले प्राध्यापक डेव्हिड रॉजर्स यांनी नव्वदच्या दशकात याचं गणित मांडून दाखवलं: सर्वांत कमी उंची जाते ती सुमारे ४५ अंश बँकमध्ये, आणि वेग स्टॉलच्या जेमतेम पाच टक्के वर ठेवला तर. पण हा पाच टक्क्यांचा अर्थ कॉकपिटमध्ये बसून बघा. १७२एस पूर्ण वजनाला, फ्लॅप वर असताना, सरळ उडत असेल तर ४८ नॉटला स्टॉल होतं. ४५ अंश बँकमध्ये हाच आकडा ५७ होतो. त्याच्या पाच टक्के वर म्हणजे ६०. हातात तीन नॉट. स्टॉल वॉर्निंग कोकलत असते, छातीत धडधडत असतं आणि खिडकीतून घरांची छपरं दिसत असतात. अशा वेळी काटा तीन नॉटांच्या पट्टीत धरून ठेवणारा पायलट असेलही. तो आपण आहोत असं समजून निघू नये.

प्रत्यक्षात घात कसा होतो ते सांगतो. वळताना वारा पाठीमागे येतो. खालची जमीन पूर्वीपेक्षा वेगाने सरकायला लागते. वेग वाढला असं वाटून हात नकळत योक मागे घेतो. तेवढ्यात दिसतं की आपण धावपट्टीच्या रेषेपलीकडे चाललोय. बँक आणखी द्यायची भीती वाटते, कारण जमीन जवळ आहे, म्हणून पाय आतल्या बाजूचं रडर दाबतो. नाक आत सरकतं, बँक वाढायला लागतो, तो रोखायला हात आयलरॉन उलट देतो. नाक खाली पडतं म्हणून योक आणखी मागे. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला उलटून फिरायला लागतं. हे सगळं दोनशे फुटांवर. तीन हजार फुटांवर असता तर स्पिनमधून बाहेर काढता आलं असतं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक मोजतात. समुद्रसपाटीला, थंड हवेत १७२एस मिनिटाला ७३० फूट चढतं. म्हणजे शंभर फूट पुढे जाताना दहाच्या आत फूट वर. इंजिनाविना तेच विमान शंभर फुटांत अकरा फूट खाली येतं. म्हणजे वळायला काहीही उंची लागली नाही असं मानलं तरी ज्या उताराने चढलात त्यापेक्षा उभ्या उताराने परत येता. आता मे महिना घ्या. दोन हजार फूट उंचीवरचा विमानतळ, पारा ४०. डेन्सिटी अल्टिट्यूड साडेपाच हजारांच्या आसपास जाते. चढाई मिनिटाला साडेचारशे फुटांवर आली, तर शंभर फूट पुढे जाताना साडेपाच फूटसुद्धा धड मिळत नाहीत. सातशे फूट उंची गाठेपर्यंत तुम्ही जमीन सोडल्या जागेपासून जवळपास चार किलोमीटर गेलेले असता, आणि सातशे फुटांवरून विमान तरंगत येतं दोन किलोमीटरही नाही. सरळ चढत राहिलात तर उंची वाढते पण धावपट्टी त्याहून वेगाने लांब जाते. ‘आमच्याकडे आठशे फुटांनंतर वळतात’ असं कुणी म्हणालं तर विचारा, कुठल्या महिन्यात, किती वजन घेऊन आणि वारा कुठून? उन्हाळ्यात उपाय साधा आहे: पहाटे उडा, टाकी गरजेपुरती भरा आणि सरळ दूर न जाता ठरल्या उंचीला सर्किटमध्ये वळून विमानतळाच्या कुशीतच चढा.

एवढं सांगूनही, मागे वळणं कधीच करू नये असं मी म्हणणार नाही. एफएएनेही २०१८ मध्ये इन्स्ट्रक्टरांना सांगितलं की सुरक्षित उलट वळण कधी शक्य आहे आणि कसं करायचं ते शिकवा. समोर दाट वस्ती असेल, उंची हजारावर असेल, क्रॉसविंड लेगवर निम्मं वळण आधीच झालेलं असेल, तर विमानतळाकडे जाणं हाच शहाणपणा ठरतो. पण तुमचा आकडा तुम्हीच काढलेला हवा. इन्स्ट्रक्टर बरोबर घ्या, जमिनीपासून तीन हजार फुटांवर जा, चढाईच्या वेगाला थ्रॉटल बंद करा, मोठ्याने चार मोजा, मग वळा. २७० अंश पुरे होईपर्यंत किती उंची गेली ते लिहा. त्यात निम्मी भर घाला. भर अशासाठी, की आयडलवर फिरणारं इंजिन आणि मेलेलं इंजिन यांत फरक असतो. मेलेल्या इंजिनाचा वाऱ्याने फिरणारा पंखा विमानाला मागे ओढतो. आणि वळायचं ते वारा ज्या बाजूने येतो तिकडे, म्हणजे वारा तुम्हाला धावपट्टीवर आणून सोडतो. हा सराव खरोखरच्या टेकऑफनंतर, दोनशे फुटांवर, एकट्याने थ्रॉटल ओढून करू नका. सरावातही माणसं गेलेली आहेत.

हॉलिवूडचे अभिनेते हॅरिसन फोर्ड यांचा अपघात अनेकांना आठवत असेल. ५ मार्च २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका विमानतळावरून ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रायन पीटी-२२ हे शिकाऊ विमान घेऊन निघाले. टेकऑफनंतर थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. त्यांनी टॉवरला इंजिन फेल झाल्याचं आणि ताबडतोब परत येत असल्याचं सांगितलं, वळायला सुरुवातही केली. मग लक्षात आलं की धावपट्टी हाताशी येत नाही. तिथे त्यांनी हट्ट सोडला आणि विमान शेजारच्या पेनमार गोल्फ मैदानाच्या मोकळ्या जागेकडे घेतलं. झाडाच्या शेंड्याला धडक बसली, विमान मैदानावर आदळलं, ७२ वर्षांचे फोर्ड गंभीर जखमी झाले, पण जगले. चौकशीत कार्बोरेटरमधला मुख्य मीटरिंग जेट आटे सुटून ढिला झाल्याचं निघालं. त्याच अहवालातली दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते: खांद्याचा पट्टा सीटला नीट मजबुतीकरण न करता बसवला होता, त्यामुळे इजा वाढल्या. जुनं विमान घेणाऱ्यांनी रंगरंगोटीआधी पट्ट्यांचे बोल्ट बघावेत.

इंजिन पूर्ण बंद पडण्यापेक्षा ते अर्धवट जाणं जास्त घडतं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने एका इंजिनाच्या लहान विमानांबद्दल स्वतंत्र पुस्तिका काढून सांगितलं की टेकऑफच्या वेळी ताकद अर्धवट कमी होण्याची शक्यता पूर्ण बंद पडण्याच्या तिप्पट आहे. आणि हे प्रकरण फसवं. मेलेलं इंजिन निर्णय तुमच्यासाठी घेऊन टाकतं. खोकणारं इंजिन आशा दाखवत राहतं. पायलट उंची टिकवायच्या नादात नाक वर धरतो, वेग हळूहळू संपतो. माझा नियम असा: इंजिन थरथरलं की ते पुढच्या दहा सेकंदांत मरणार असं समजून उडायचं. सुरक्षित वेग आधी. तो सांभाळून उंची टिकत असेल तर मोठ्या, उथळ वळणाने, उतरण्याजोग्या रानांवरूनच परत या. वेग सांभाळला की उंची जाते असं दिसलं तर इंजिनात थोडी ताकद असतानाच रान निवडून उतरा.

बिघाड शोधायचा का? पाचशे फुटांखाली नाही. त्यावर असाल, विमान ग्लाइडच्या वेगात बसलं असेल आणि शेत ठरलं असेल, तर हात सवयीने फिरू द्या: फ्युएल पंप, टाकी बदला, मिक्श्चर, कार्ब हीट, मॅग्नेटो. यातली निम्मी कारणं जमिनीवरच सापडतात, म्हणून त्याबद्दल थोडं. पावसात बाहेर उभ्या विमानाच्या टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असेल तर पाणी आत जातं आणि जड असल्याने तळाशी बसतं. नव्या १७२ मध्ये पेट्रोल काढून बघायला तेरा जागा आहेत; तेराही बघा. नळीत थोडं पाणी आलं तर दोन थरांमधली रेषा दिसते. पण नळी पूर्ण पाण्यानेच भरली तर रेषा कुठून दिसणार? वर धरून निळा रंग बघा, वास घ्या. १०० एलएल निळं असतं, पाणी नसतं. १५२ वर रन-अप करताना १७०० आरपीएमला एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त पडता कामा नये आणि दोहोंत ५० पेक्षा जास्त फरक नको. जरा जास्त पडतंय, पण चालेल, असं म्हणत निघालेल्यांना मी धावपट्टीवरून परत आणलेलं आहे. जुलैच्या दमट सकाळी टॅक्सी करून रांगेत दहा मिनिटं थांबलात तर कार्बोरेटरमध्ये बर्फ साठू शकतो, बाहेर २५ अंश असले तरी. निघण्याआधी कार्ब हीट ओढून बघा, मग बंद करून निघा.

धावपट्टीची निम्मी लांबी संपेपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल बंद, ब्रेक, प्रकरण तिथेच संपवा. ५५ नॉटला उचलत असाल तर ३८-३९. ही खूण कुठल्या टॅक्सीवेपाशी येते ते आधी ठरवून ठेवा.

आणि मग ते बोलणं, मनातल्या मनात नाही, आवाज काढून. एकटे असलात तरी. मी मुलांकडून साधारण असं म्हणवून घेतो: ‘जमीन सोडण्याआधी काही झालं तर थ्रॉटल बंद, ब्रेक, पट्टीवरच थांबेन. जमीन सोडली आणि पट्टी शिल्लक असेल तर पट्टीवरच उतरेन. आठशे फुटांखाली नाक खाली, सत्तर नॉट, समोर ओढ्याच्या डावीकडचं मोकळं रान. आठशेच्या वर, वारा उजवीकडून आहे, उजवीकडे वळेन.’ यातले आकडे आणि ओढा रोज बदलतो, आणि बदलायलाच हवा. त्याच विमानतळावरून शंभरदा उडालेल्या माणसालासुद्धा परवा कापलेला ऊस आणि आज लावलेलं ठिबक माहीत नसतं. दुचाकीवरून विमानतळाच्या दोन्ही टोकांपलीकडे चक्कर मारून या. विमानातून न दिसणाऱ्या तारा रस्त्यावरून दिसतात.

शेजारी कुणी बसलं असेल, मग तो मित्र असो की हौसेने आलेले काका, तर त्यांनाही निघण्याआधी सांगायचं: खांद्याचा पट्टा घट्ट, पाय पेडलपासून दूर, मी ‘दार’ म्हटलं की कडी काढायची, आणि काहीही झालं तरी योकला हात लावायचा नाही. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते पकडतो.

शेत ठरलं, विमान त्या दिशेला लागलं की शेवटची कामं: मिक्श्चर बंद, फ्युएल बंद, मॅग्नेटो बंद, पोहोचण्याची खात्री झाल्यावर फ्लॅप पूर्ण, मग मास्टर बंद. क्रम चुकवून मास्टर आधी बंद केला तर विजेवरचे फ्लॅप हलणार नाहीत. दाराची कडी उघडी, नाहीतर चौकट वाकून दार अडकतं. ‘मेडे’ म्हणायला वेळ असेल तरच म्हणा. रेडिओ विमान उडवत नाही. आणि वाऱ्याच्या तोंडावर उतरा. विमानाचा वेग ५० नॉट आणि समोरून १० नॉट वारा असेल तर जमिनीवर ४० ने टेकता; तोच वारा पाठीशी असेल तर ६० ने. अंगावर येणारी ऊर्जा सव्वादोन पट. मागे वळण्याविरुद्धचं हेही एक कारण आहे, आणि ते वळण जमलं तरी लागू असतं.

थांबायला लागणारं अंतरही ऐकण्यासारखं आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणारं विमान ९ जी इतक्या धक्क्याने थांबायला तीन मीटर पुरतात, आणि नीट बांधलेला माणूस तेवढा धक्का सोसू शकतो. वेग दुप्पट झाला तर अकरा मीटर लागतात. म्हणून सगळी धडपड कमीत कमी वेगाने, पण स्टॉल न होता, सरळ पंखांनी टेकण्याची. दोन झाडांच्या मधून नाक नेलं आणि पंख तुटून गेले तर जाऊ देत. विमानाचा विमा असतो. केबिन शाबूत राहिली पाहिजे.

थांबलात की आधी बाहेर पडा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब जा, ईएलटी, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणारा ट्रान्समीटर, चालू झाला का ते नंतर बघा. पाच मिनिटांत अख्खं गाव जमेल. माणसं मदतीलाच धावून येतात, पण त्यांतल्या एखाद्याच्या तोंडात बिडी असते आणि दोघं-तिघं पंखावर चढून फोटो काढायला लागतात, खाली पेट्रोल ठिबकत असताना. त्यातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला गाठून, दादा, सगळ्यांना पन्नास पावलं मागे घ्या, एवढं सांगितलं की तो उरलेलं सांभाळतो. टॉवरला किंवा क्लबला फोन करा. जखमींना बाहेर काढण्यापुरतं सोडून विमानाचा एकही तुकडा हलवू देऊ नका. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या एएआयबीच्या परवानगीशिवाय ते हलवता येत नाही आणि इंजिन का थांबलं याचा पुरावा त्यातच असतो. रान कुणाचं आहे ते विचारून नाव आणि नंबर लिहून घ्या. पिकाची नुकसानभरपाई विम्यातून मिळवून देताना पहिला कागद तोच लागतो.